सायकलवीर मेजर टेलर

आज सायकल ही वस्तू इतकी परिचयाची झाली आहे की, तिच्याविषयी कोणालाही नवल वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती एक अपूर्व वस्तू होती. पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच आणि मागचे चाक अगदी लहान, अशी जुनी सायकल चालवणे मोठे धोक्याचे काम असे. १८८५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची व साखळीने चालणारी सायकल पुढे आली, आणि १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेला रबरी टायर तयार केला. त्यामुळे सायकल हलकी, सुखाची आणि वेगवान झाली. मग युरोप-अमेरिकेतील लोकांना सायकलच्या शर्यतींचे जणू वेडच लागले.

या शर्यतींसाठी मोठमोठ्या शहरांत खास धावमार्ग बांधण्यात आले. लंबवर्तुळाकार मार्ग, आणि वळणाच्या जागी परातीच्या काठाप्रमाणे बाहेरून उंच व आत उतरती अशी त्याची रचना असे. वेगाने वळताना स्वार बाहेर फेकला जाऊ नये, म्हणून ही योजना. सभोवती हजारो प्रेक्षक बसत. १८९३ साली शिकागो येथे या खेळाचे जागतिक अजिंक्यपदाचे पहिले सामने झाले, आणि १८९५ पासून व्यावसायिक स्वारांसाठीही असे अजिंक्यपद सुरू झाले. या धावमार्गावर ज्याने आपल्या पायांच्या बळाने व मनाच्या धैर्याने जगाला चकित केले, आणि केवळ त्वचेच्या रंगामुळे ज्याला पावलोपावली अन्याय सोसावा लागला, त्या मेजर टेलरची ही जीवनकथा आहे.

मार्शल वॉल्टर टेलर याचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस या शहरात झाला. त्याचे आईवडील केंटकी राज्यातून येथे येऊन स्थायिक झाले होते. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली होती. परंतु कायदा बदलला म्हणून माणसांची मने लगेच बदलली नव्हती. कृष्णवर्णीयांना चांगल्या शाळा, चांगली कामे आणि मानाच्या जागा सहसा मिळत नसत. टेलर कुटुंबात आठ मुले होती. वडील गाडीवान होते. मिळकत थोडी, पण घरात कष्ट आणि देवभक्ती यांना मोठे स्थान होते. मार्शलची आई अत्यंत धर्मनिष्ठ होती, आणि तिच्या शिकवणुकीचा ठसा त्याच्या मनावर खोल उमटला.

मार्शलचे वडील साउथर्ड नावाच्या एका धनिक गौरवर्णीय कुटुंबाकडे घोड्यांची देखभाल करीत. त्या घरी मार्शलच्याच वयाचा एक मुलगा होता. दोघांची गट्टी जमली. पुढे मार्शल त्या घरीच राहू लागला. त्याला तेथे चांगले कपडे, शिक्षण आणि खेळणी मिळाली. आणि सर्व मित्रांकडे सायकली असल्यामुळे त्यालाही एक सायकल मिळाली. खेळात तो त्या मुलांच्या बरोबरीचा, किंबहुना सरसच होता.

परंतु एके दिवशी जगाचे खरे रूप त्या बालकापुढे उभे राहिले. ही मुले शहरातील ख्रिस्ती तरुण संघाच्या व्यायामशाळेत जाऊ लागली. मार्शलला मात्र आत प्रवेश नव्हता. मित्र खाली कसरत करीत आणि तो वरच्या सज्जात उभा राहून पाहत बसे. धनवान साउथर्ड कुटुंबालाही त्या बाबतीत काही करता आले नाही. त्याच्यात बळ कमी नव्हते, वागणूक वाईट नव्हती; फक्त रंग निराळा होता. हा सल त्याच्या मनात जन्मभर राहिला. पुढे साउथर्ड कुटुंब शिकागोला गेले. मुलाला दूर पाठवण्यास आई तयार होईना. म्हणून मार्शल आपल्या गरीब घरी परत आला. त्या सुखाच्या दिवसांची एकच वस्तू त्याच्यापाशी उरली होती. ती म्हणजे त्याची सायकल.

त्या सायकलवरून तो घरोघरी वर्तमानपत्रे टाकू लागला. रिकाम्या वेळी तो सायकलवर नाना प्रकारच्या कसरती करी. एका सायकलच्या दुकानदाराने त्या पाहिल्या आणि त्याला नोकरीवर ठेवले. दुकान झाडावे, पुसावे आणि दुपारी दुकानासमोर कसरती करून गिऱ्हाइकांची गर्दी जमवावी, असे त्याचे काम असे. कसरती करताना तो सैनिकी गणवेश घाली. त्यावरून लोक त्याला गमतीने ‘मेजर’ म्हणू लागले. थट्टेने मिळालेले हे नाव पुढे साऱ्या जगात आदराने घेतले गेले.

याच दुकानाच्या वतीने दहा मैलांची एक शर्यत होत असे. एका वर्षी मालकाने केवळ प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून या पोराला शर्यतीत उभे केले. लहान म्हणून त्याला इतरांच्या काही मिनिटे आधी सोडण्यात आले. थोडे अंतर जाऊन तो थकेल आणि परत फिरेल, अशी सर्वांची अटकळ होती. पण तो थांबला नाही. पाय दुखू लागले, श्वास अपुरा पडू लागला, तरी त्याने सायकल हाकणे सोडले नाही. त्याने शर्यत जिंकली आणि अंतिम रेषेपाशी तो शुद्ध हरपून खाली पडला. शुद्धीवर आल्यावर त्याला दिसले की, सुवर्णपदक त्याच्या छातीवर लावलेले आहे. त्या वेळी त्याचे वय तेरा वर्षांच्या आसपास होते.

पुढे लुई मंगर या माणसाने टेलरचे गुण ओळखले. मंगर पूर्वी स्वतः नामांकित सायकलपटू होता आणि आता सायकली तयार करण्याचा व्यवसाय करीत होता. त्याने टेलरला आपल्याकडे कामाला ठेवले, शर्यतीचे शिक्षण दिले आणि पुत्रवत वागवले. मंगरच्या घरी मोठमोठे सायकलपटू येत. शिकागोच्या पहिल्या जागतिक सामन्यांचा विजेता आर्थर झिमरमन हाही त्यांपैकीच एक. झिमरमनने या कृष्णवर्णीय मुलाशी प्रेमाने भाषण केले. सर्व गोरे लोक सारखे नसतात, हे टेलरने अशा अनुभवांतून जाणले. म्हणूनच त्याला पुढे कितीही त्रास झाला, तरी त्याने कोणत्याही एका वर्णाचा सरसकट द्वेष केला नाही.

परंतु इतर सायकलपटूंना मंगरचे हे वागणे खपेना. १८९४ साली अमेरिकेतील सायकलस्वारांच्या मोठ्या संघाने आपले सभासदत्व केवळ गौरवर्णीयांसाठी राखून ठेवले. अखेर १८९५ साली मंगर टेलरला घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर या शहरी गेला. तेथील हवा अधिक मोकळी होती. जी व्यायामशाळा इंडियानापोलिसमध्ये त्याला बंद होती, तशाच संघाच्या वूस्टर येथील शाखेचे दार त्याला उघडे मिळाले. या शहराचे ऋण तो कधी विसरला नाही. पुढे लोक त्याला ‘वूस्टरची वावटळ’ म्हणू लागले.

१८९६ साली तो काही दिवसांसाठी इंडियानापोलिसला आला असता, मंगरने त्याला तेथील धावमार्गावर घड्याळाविरुद्ध धावण्याची संधी मिळवून दिली. टेलरने एका मैलाचा त्या मार्गावरील विक्रम मोडला. घड्याळाला रंग दिसत नाही. त्याने खरे ते सांगितले. परंतु मार्गाच्या चालकांना रंग दिसत होता. त्याचा गौरव करण्याऐवजी त्यांनी त्याला तो धावमार्गच बंद केला.

त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात, अठरा वर्षांचा टेलर न्यूयॉर्क येथे व्यावसायिक सायकलपटू म्हणून उतरला. प्रथम त्याने अर्ध्या मैलाच्या शर्यतीत एडी बाल्ड या नामांकित वीराला हरवले. त्यानंतर लगेच सहा दिवसांची शर्यत सुरू झाली. सहा अहोरात्र सायकल चालवायची, झोप अगदी थोडी घ्यायची आणि जो अधिकात अधिक अंतर तोडील तो विजयी, असा त्या शर्यतीचा क्रूर नियम होता. टेलरला इतक्या लांब पल्ल्याची सवय नव्हती. तरीही त्याने १,७३२ मैल, म्हणजे सुमारे २,७८७ किलोमीटर अंतर तोडले आणि आठवा क्रमांक मिळवला.

आता टेलरचे नाव सर्वत्र झाले. पण जसजसे विजय वाढू लागले, तसतसा प्रतिस्पर्ध्यांचा द्वेषही वाढू लागला. शर्यत चालू असता दोघे-तिघे संगनमताने त्याला चहूबाजूंनी कोंडीत पकडत. कोणी कोपर मारी, कोणी सायकल आडवी घाली. दक्षिणेकडील राज्यांत तर त्याला शर्यतीत प्रवेशच नाकारला जाई. त्यामुळे गुणांच्या बेरजेवर ठरणारे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच्या हातून निसटत असे. उतारूंसाठी असलेल्या हॉटेलांतही त्याला जागा मिळण्याची शाश्वती नसे. १८९७ साली टाँटन या गावी तर कहरच झाला. शर्यत संपताच एका पराभूत स्पर्धकाने त्याला सायकलवरून खाली ओढले आणि त्याचा गळा दाबला. टेलर कित्येक मिनिटे बेशुद्ध होता. संतापलेल्या प्रेक्षकांपासून त्या हल्लेखोराला पोलिसांनीच वाचवले. त्या अपराधाबद्दल त्याला शिक्षा झाली ती मात्र अगदी सौम्य.

इतके झाल्यावर सामान्य माणसाने एक तर खेळ सोडला असता, किंवा जशास तसे वागण्याचा मार्ग धरला असता. टेलरने दोन्ही केले नाही. त्याने या दुष्टपणावर खेळातूनच उपाय शोधला. मागे राहिलो तर हे लोक कोंडीत पकडतात. तेव्हा योग्य क्षणी असा वेग घ्यावा की, कोंडी करण्यास कोणी जवळच पोहोचू नये. त्याने आपले शरीर नियमित व्यायामाने कसले. दारू आणि तंबाखू यांना तो शिवत नसे. आपल्या सायकलचे हँडलही त्याने पुढे सरकवून घेतले, त्यामुळे अंग पुढे लवून वाऱ्याचा अडथळा कमी होई. त्याची बैठक इतकी स्थिर असे की, वेगाने जाताना फक्त त्याचे पाय हलत आहेत असे पाहणाऱ्यास वाटे.

१८९९ च्या ऑगस्ट महिन्यात कॅनडातील माँट्रियल येथे जागतिक अजिंक्यपदाचे सामने भरले. १० ऑगस्ट रोजी एका मैलाची अंतिम शर्यत झाली. त्याच्यासमोर अमेरिकेचाच टॉम बटलर हा कसलेला स्वार होता, आणि फ्रान्सचा कूर्ब दूत्रलॉ हाही होता. अखेरच्या वळणानंतर टेलर आणि बटलर जवळजवळ एकाच ओळीत आले. प्रेक्षक जागेवरून उठून उभे राहिले. अंतिम रेषा ओलांडताना टेलर अगदी थोड्या अंतराने पुढे होता. तो जगज्जेता ठरला! मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सन याच्यानंतर जागतिक अजिंक्यपद मिळवणारा दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्याची नोंद झाली. वाद्यवृंदाने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले. त्या क्षणी त्याच्या मनात जे आले ते त्याने पुढे आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे. आपण अमेरिकन आहोत याचा अभिमान त्याला स्वदेशात कधी वाटला नव्हता, इतका त्या परक्या भूमीवर वाटला. ज्या देशाने त्याला दूर लोटले, त्याच देशाचा मान त्याने वाढवला होता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पुढे धावणाऱ्या वाफेच्या यंत्राचा आडोसा घेऊन, त्याने शिकागो येथे एक मैल अंतर १ मिनिट १९ सेकंदांत तोडले. हा वेग ताशी सुमारे ७३ किलोमीटर होतो. १९०० साली त्याने अमेरिकेचे राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळवले. त्याच सुमारास त्याने वूस्टर येथे एका चांगल्या वस्तीत घर विकत घेतले. तेव्हा काही शेजाऱ्यांनी, अधिक पैसे घेऊन ते घर सोडून द्यावे, असा त्याच्यामागे लकडा लावला. जगज्जेताही शेजारी म्हणून त्यांना नको होता! टेलरने शांतपणे नकार दिला आणि तो तेथेच राहिला. कालांतराने त्याच्या सभ्य वर्तनाने शेजाऱ्यांचा विरोध मावळला.

एप्रिल १९०० मध्ये पॅरिस येथे सायकल खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघाची स्थापना झाली आणि जागतिक सामन्यांची सूत्रे त्याच्याकडे गेली. युरोप हेच आता या खेळाचे माहेरघर झाले होते. टेलरला तेथून मोठ्या रकमांची निमंत्रणे येऊ लागली. परंतु एक अडचण होती. युरोपातील मोठ्या शर्यती रविवारी होत. रविवार हा ईश्वरभक्तीचा दिवस, त्या दिवशी शर्यतीत धावायचे नाही, असा टेलरचा नियम होता. आईच्या शिकवणुकीला जागून त्याने त्या वेळी विपुल धनाचा मोह टाळला. अखेर त्याची अट मान्य झाली आणि १९०१ साली तो युरोपला गेला.

फ्रान्सचा एदमाँ जाक्लँ हा १९०० सालचा जगज्जेता होता. टेलर व जाक्लँ यांच्या झुंजीकडे साऱ्या युरोपचे डोळे लागले. अशा झुंजीत दोघेच स्वार असतात आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी होतो. आरंभी दोघेही हळूहळू जातात आणि परस्परांकडे लक्ष ठेवतात. कारण पुढे असणाऱ्याला वारा कापावा लागतो, मागच्याला त्याच्या आडोशाने बळ राखता येते. मग एकाएकी एक जण उसळी घेतो, आणि शेवटच्या काही सेकंदांत सर्व निकाल लागतो. १६ मे १९०१ रोजी पॅरिस येथे पहिली झुंज झाली. त्या दिवशी थंडी होती, आणि थंडी टेलरला मानवत नसे. जाक्लँने दोन्ही फेऱ्या जिंकल्या. विजयाच्या भरात त्याने नाकाला अंगठा लावून बोटे नाचवली आणि सर्वांदेखत टेलरला वेडावून दाखवले.

हा अपमान टेलरच्या जिव्हारी लागला. पण तो काही बोलला नाही. २७ मे रोजी पुन्हा झुंज ठरली. या वेळी हवा उबदार होती. पहिली फेरी टेलरने जिंकली. दुसरी फेरी सुरू होण्यापूर्वी त्याने आपला हात जाक्लँपुढे केला. जाक्लँ चकित झाला. त्याने हात हातात घेतला. मग टेलरने दुसरी फेरीही जिंकली. आता वेडावून दाखवण्याची पाळी त्याची होती. परंतु त्याने तसे केले नाही. कमरेला खोचलेला आपल्या देशाचा एक लहानसा रेशमी ध्वज त्याने काढला आणि तो फडकावीत धावमार्गाला फेरी घातली. हजारो फ्रेंच प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या दिवशी त्याने केवळ जाक्लँला जिंकले नाही, तर स्वतःच्या रागालाही जिंकले.

१९०२ साली त्याचा विवाह झाला. पुढे तो ऑस्ट्रेलियातही दोनदा गेला आणि तेथील लोकांनी त्याचे अपूर्व स्वागत केले. १९०४ साली सिडनी येथे त्याला कन्या झाली, म्हणून तिच्या नावात त्याने त्या शहराचेही नाव गुंफले. परंतु तेथेही स्वदेशातून आलेल्या स्पर्धकांनी त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि एका शर्यतीत पडून तो जखमी झाला. सततची कुचंबणा आणि श्रम यांमुळे त्याचे शरीर व मन थकले. त्याने काही काळ विश्रांती घेतली, १९०७ मध्ये तो पुन्हा युरोपात उतरला, आणि १९१० साली, बत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने शर्यतींचा कायमचा निरोप घेतला.

यानंतरचे त्याचे आयुष्य दुःखाचे आहे. धावमार्गावर मिळवलेले धन त्याने काही उद्योगांत घातले. ते उद्योग बुडाले. घर विकावे लागले, कुटुंब दुरावले. त्याही स्थितीत त्याने आपले आत्मचरित्र लिहिले, स्वतःच्या खर्चाने ते १९२८ साली छापले, आणि दारोदार फिरून त्याच्या प्रती विकल्या. त्या ग्रंथात त्याने आपल्यावर झालेले अन्याय स्पष्टपणे मांडले. पण सूड मागितला नाही. आपल्यामागून येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांनी धीर सोडू नये, हीच त्याची इच्छा होती. अखेरची वर्षे त्याने शिकागो येथे काढली. लहानपणी ज्या ख्रिस्ती तरुण संघाच्या सज्जात तो उभा राहिला होता, त्याच संघाच्या एका वसतिगृहात त्याला निवारा मिळाला. २१ जून १९३२ रोजी तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या धर्मार्थ विभागात त्याने देह ठेवला. एकेकाळी ज्याला पाहण्यासाठी हजारो लोक लोटत, त्याचे दफन गोरगरिबांच्या दफनभूमीत, नावाच्या दगडाविना झाले.

सोळा वर्षे ती जागा तशीच राहिली. १९४८ साली काही जुन्या सायकलपटूंना त्याची आठवण झाली. त्यांनी श्विन या सायकल कारखानदाराच्या साहाय्याने त्याचे अवशेष त्याच दफनभूमीत मानाच्या जागी हलवले आणि त्यावर ब्राँझचा नामफलक बसवला. १९८२ साली इंडियानापोलिस येथे नवा सायकल-धावमार्ग उघडण्यात आला, त्याला मेजर टेलरचे नाव देण्यात आले. ज्या शहराने एकदा त्याला आपल्या धावमार्गावरून घालवून दिले होते, त्याच शहराने हा मान दिला. २००८ साली वूस्टरच्या ग्रंथालयासमोर त्याचे स्मारक उभे राहिले.

मेजर टेलरचे विक्रम पुढे इतरांनी मोडले, आणि तसे होणे हाच खेळाचा नियम आहे. परंतु गळा दाबणाऱ्याला त्याने गळा दाबून उत्तर दिले नाही, वेडावणाऱ्याला वेडावून दाखवले नाही, आणि अपमानाच्या भीतीने मैदान सोडून तो पळालाही नाही. बळ तर पुष्कळांपाशी असते. पण ते बळ सभ्यतेच्या लगामात ठेवणारा विरळा. त्याचा हा विक्रम अजून तसाच उभा आहे.